पाटीवरचे नाव आणि पाण्यातला मासा

सकाळी अंबा एक्स्प्रेस अमरावतीला लागली, तेव्हा आम्ही फलाटावर थर्माकोलच्या एका खोक्याची वाट पाहत उभे होतो. खोक्यात ऑक्सिजन भरलेल्या दोन पिशव्या होत्या आणि प्रत्येक पिशवीत बोटाएवढा एक मासा. पिशवीवर निळ्या पेनने लिहिले होते, 'पिकासो'. आमच्या मोठ्या मुलीने ते नाव तीन वेळा वाचले. ती प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. करते. शिकवणीचे पैसे साठवून तिने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ही जोडी मागवली होती. साध्या जोडीच्या कितीतरी पट किंमत तिने त्या एका शब्दासाठी मोजली होती.

तो शब्द खरा नव्हता, हे कळायला आम्हाला वर्षाहून जास्त काळ लागला. पैसे गेले त्याचे दुःख झालेच. पण त्या निमित्ताने नाव कशाला म्हणायचे, ते द्यायचा अधिकार कोणाचा आणि ते चुकले तर नुकसान कोणाचे होते, हे आमच्या घराने नीट शिकून घेतले. घराघरांत फिश टँक असतात आणि मुले मासे विकत आणतात. म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवत आहोत.

हा मासा कोण?

2003 साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश जगभरच्या मुलांना माहीत झाला. क्लाउनफिशच्या सुमारे तीस प्रजाती आहेत. निमोसारख्या दिसणाऱ्या प्रजाती मात्र दोन: ओसेलॅरिस आणि परक्युला. त्या दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या, पण प्रजाती म्हणून वेगळ्या. परक्युलाचे शास्त्रीय वर्णन 1802 साली झाले, ओसेलॅरिसचे 1830 साली.

ओसेलॅरिस आपल्या अंदमानच्या समुद्रात सापडतो. परक्युलाचे घर म्हणजे पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा. भारताच्या पाण्यात तो नाही. म्हणजे आपल्याकडच्या दुकानात खरा परक्युला दिसला, तर तो किंवा त्याचे पूर्वज परदेशातून आलेले असतात, एवढे आधीच समजावे.

दोघांना ओळखायची खूण पाठीच्या परात आहे. परातले पुढचे काटे मोजायचे. ओसेलॅरिसला बहुधा अकरा असतात, परक्युलाला बहुधा दहा. परक्युलाच्या पट्ट्यांची काळी किनार सहसा जाड असते आणि डोळ्याचे वर्तुळ जास्त केशरी असते. पण रंगावर विसंबू नये, काटे मोजावेत. मासा पर उभारतो त्या क्षणी मोबाइलने फोटो काढायचा आणि तो मोठा करून मोजायचे. आम्ही हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

या माशाची घररचनाही विलक्षण आहे. सगळी पिल्ले आधी नर होतात. गटातला सर्वात मोठा मासा मादी बनतो, त्याच्या खालचा तिचा जोडीदार. मादी मेली की तो जोडीदारच काही काळाने मादी होतो. अंड्यांची राखण बहुतेक बापच करतो. दिवसभर परांनी वारा घालत राहतो, खराब अंडी तोंडाने वेचून काढतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे फार कौतुक. दादी तर टँकसमोरच तसबीह घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "बघा, बाप कसा असावा ते."

वऱ्हाडात समुद्र

अकोला-अमरावतीत समुद्री मासा पाळायचा म्हटला की लोक दोन गोष्टी बोलतात. पहिली म्हणजे, "आपल्याकडे खारे पाणी काय कमी आहे?" पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. पण ते समुद्राचे पाणी नव्हे. त्यातले क्षार निराळे, त्यांचे प्रमाण निराळे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सोडियमबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम ठरावीक मापात असतात. म्हणून आर.ओ.चे पाणी घेऊन त्यात तयार समुद्री मीठ मिसळावे लागते. 200 लिटरच्या टँकला पहिल्याच वेळी सात किलो मीठ लागते. स्वयंपाकघरातले जाडे मीठ चालत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. या माशांना 26 ते 28 अंशांचे पाणी मानवते. अकोल्याचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो. आम्ही टँकच्या पाण्यावर छोटे पंखे लावले, खिडकीला वाळ्याचे ताटवे बांधले आणि वीज गेली तर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप ठेवला. पंख्याने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे रोजची भर गोड्या आर.ओ. पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. ही चूक पुष्कळ जण करतात आणि मग मासे का मेले ते त्यांना कळत नाही.

रंग येतो कुठून?

क्लाउनफिशचे रंगीत प्रकार प्रयोगशाळेत रंगवलेले नसतात. समुद्रात किंवा हॅचरीत क्वचित एखादे पिल्लू वेगळ्या पट्ट्यांचे निघते. ते जपायचे, मोठे करायचे, त्याची पिल्ले घ्यायची, त्यातली तशीच निवडायची आणि पुन्हा त्यांची पिल्ले घ्यायची. यालाच निवड पद्धतीची पैदास म्हणतात. 2010 साली पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात मरून जातीचा एक क्लाउनफिश सापडला. त्याचे पांढरे पट्टे जाळीसारखे फाटलेले, वीज चमकल्यासारखे. त्याला 'लाइटनिंग' म्हणू लागले. 2012 साली अमेरिकेत त्याची पिल्ले झाली, तेव्हा कुठे सिद्ध झाले की ही नक्षी आईबापांकडून पिल्लांत उतरते. तोपर्यंत ते फक्त एका माशाचे रूप होते. वाण म्हणायचा हक्क त्याला पिल्लांनी दिला.

पिकासो हा परक्युलाचा प्रकार. त्याचे पट्टे पसरून एकमेकांना भिडतात, जणू पांढरा रंग सांडला आहे. यामागचा हिशेब शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्यांसारखाच आहे. प्रत्येक मासा एका गुणाचे दोन घटक घेऊन जन्मतो, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यातला एक घटक पिकासोचा असला तर मासा पिकासो दिसतो. दोन्ही असले तर तो जवळजवळ पूर्ण पांढरा होतो आणि त्याला 'प्लॅटिनम' म्हणतात. त्यावरून घरबसल्या गणित मांडता येते:

पिकासो आणि साधा यांची पिल्ले सुमारे निम्मी पिकासो, निम्मी साधी.

पिकासो आणि पिकासो यांची पिल्ले सुमारे पाव प्लॅटिनम, निम्मी पिकासो, पाव साधी.

प्लॅटिनम आणि साधा यांची पिल्ले सगळी पिकासो.

यातली एक बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. पिकासोच्या पोटी जन्मलेले पिल्लू साधे दिसत असेल, तर सहसा त्याच्यात तो घटक नसतोच. तो 'लपून' राहत नाही.

अकरा पिल्ले

आमच्या जोडीतला मोठा मासा पिकासो म्हणून आला होता. त्याचा मधला पट्टा एका बाजूने अर्धाच होता आणि डोक्यामागचा पट्टा खाली तुटलेला. दुसरा मासा अगदी साधा निघाला. व्यापारी म्हणाला, "त्याच्यातही आहे, पुढे दिसेल." मुलीने विश्वास ठेवला.

वर्षभराने मातीच्या कुंडीच्या आतल्या अंगाला केशरी अंडी दिसली. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर ती फुटली. बाहेर आलेली पिल्ले काचेच्या तुकड्यांसारखी पारदर्शक, डोळे तेवढे दिसणारी. त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला लागतात आणि रोटिफरना हिरवे शेवाळी पाणी. आमच्या गच्चीवर हिरव्या पाण्याच्या बाटल्यांची रांग लागली. शेजारच्या खाला विचारायच्या, "सरबत कधी देता?" पुढे आर्टिमियाची पिल्ले खाऊ घालायची. दहाव्या-बाराव्या दिवशी पिल्लांवर रंग चढू लागतो. आधी डोक्यामागचा पट्टा येतो, मग मधला आणि शेवटी शेपटीजवळचा.

पहिल्या खेपेला शेकडो अंड्यांतून अकराच पिल्ले जगली. अकराही साधी, तीन सरळ पट्ट्यांची. मुलीने वहीत हिशेब केला. आई खरोखर पिकासो असेल, तर प्रत्येक पिल्लू साधे निघण्याची शक्यता निम्मी. अकराच्या अकरा साधी निघणे म्हणजे नाणे अकरा वेळा उडवून प्रत्येक वेळी छापच येणे. हे 2048 वेळांत एकदा घडते. "अब्बू, नशीब एवढे वाईट नसते," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला 26 पिल्ले जगली. तीही सगळी साधी. मग शंका उरली नाही.

तेव्हा कुठे आम्ही काटे मोजले. अकरा. मासा परक्युला नव्हताच. तो ओसेलॅरिस होता. मग अर्धे पट्टे कशाचे? अशा माशाला 'मिसबार' म्हणतात. हॅचरीत पिल्ले दाटीने वाढवली, खाणे कमी पडले किंवा पाणी बिघडले की पट्टे नीट भरत नाहीत. पट्टे उमटवण्याचे काम शरीरातल्या थायरॉईड संप्रेरकाशी बांधलेले आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरातली परक्युलाची पिल्ले तपासली होती. एका जातीच्या समुद्रफुलात राहणाऱ्या पिल्लांचे पट्टे दुसऱ्या जातीच्या समुद्रफुलातल्या पिल्लांपेक्षा लवकर उमटत होते. म्हणजे पट्ट्यांवर वंशाबरोबर परिस्थितीचाही हात असतो.

आमच्या माशाचा अर्धा पट्टा त्याच्या बालपणाची खूण होती, खानदानाची नव्हे. तो पिल्लांना मिळणार कसा? अपघातात बोट गेलेल्या माणसाची मुले दहा बोटांचीच जन्मतात.

नावांचे जंगल

या प्रकाराने मुलगी नावांच्या मागे लागली, आणि तिच्यामुळे आम्हीही. तेव्हा दिसले की घोटाळा आमच्या एका पिशवीपुरता नाही. त्याचे चार-पाच प्रकार आहेत.

पहिला घोटाळा प्रजातीचा. पिकासो आणि प्लॅटिनम ही परक्युलाची नावे. ओसेलॅरिसमध्येही पूर्ण पांढरा होणारा एक प्रकार आहे, त्याला 'वायोमिंग व्हाइट' म्हणतात. दोन्ही पांढरे, पण वंश वेगळा. दुकानात दोघांवर 'प्लॅटिनम' ही एकच चिठ्ठी लागते. मग कोणी घरी त्यांची जोडी लावतो आणि दोन प्रजातींची सरमिसळ होते. एकदा झालेली सरमिसळ परत वेगळी करता येत नाही.

दुसरा घोटाळा गावाच्या नावाचा. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनच्या आसपास ओसेलॅरिस केशरी नसून काळा असतो. म्हणून त्याला 'डार्विन' किंवा काळा ओसेलॅरिस म्हणतात. हा माणसाने घडवलेला वाण नाही. ती त्या समुद्राची देणगी आहे. काळा आणि केशरी यांची जोडी लावली की तपकिरी पिल्ले होतात, त्यांना 'मोका' म्हणतात. मोका म्हणून विकले तर काहीच गैर नाही. पण त्यातली गडद पिल्ले निवडून 'डार्विन' म्हणून विकली, तर पुढच्या माणसाच्या हातून काळा वंश हळूहळू बिघडतो आणि त्याला ते कळतही नाही.

तिसरा घोटाळा जोडनावांचा. ओसेलॅरिसमध्ये 'स्नोफ्लेक' नावाचा प्रकार आहे, त्याच्या पट्ट्यांच्या कडा बर्फाच्या पाकळ्यांसारख्या वेड्यावाकड्या असतात. स्नोफ्लेक आणि काळा ओसेलॅरिस यांच्या संकराला 'ब्लॅक आइस' म्हणतात. नाव सुरेख आहे, पण त्यात आईबापांचा उल्लेख नाही. असे नाव वाचणाऱ्याने आधी पाठ करावे लागते. 'स्नोफ्लेक गुणिले काळा' असे लिहिले, तर शाळकरी मुलालाही कळते.

चौथा घोटाळा दर्जाचा. 'प्रीमियम', 'ग्रेड ए', 'एक्स्ट्रीम' हे शब्द वाण सांगत नाहीत. ते विकणाऱ्याचे मत सांगतात.

आणि पाचवा प्रकार तर पैदाशीचा नाहीच. गोड्या पाण्यातल्या काही माशांना सुईने रंग टोचतात किंवा रंगात बुडवतात. काचेसारखा पारदर्शक ग्लासफिश निळ्या-गुलाबी कडांचा दिसला, तर तो रंग आईने दिलेला नाही. काही महिन्यांत तो उडतो आणि सुईच्या जखमेने मासाही दगावतो. असा मासा घेऊच नये.

आम्ही मुंबईच्या त्या व्यापाऱ्याला फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, "मला ज्याने दिला, त्याने पिकासो म्हणूनच दिला." आम्हाला त्याचे खरे वाटले. या बाजारात प्रत्येक जण खोटे बोलतो असे नाही. एकाने अंदाजाने नाव ठेवले, दुसऱ्याने ते तसेच पुढे केले, तिसऱ्याने त्यावर किंमत चढवली. चार हातांतून गेल्यावर अंदाजाची खात्री होते, आणि कोणालाही आपण फसवले असे वाटत नाही.

हे आपल्याला नवे नाही

अकोल्याच्या भाईजानना आम्ही ही हकीकत सांगितली. त्यांची थोडी शेती आहे. ते हसले आणि म्हणाले, "पिशवीवर एक आणि मातीत एक, हे आम्हाला शिकवता?"

खरेच आहे. बोगस बियाण्याची झळ वऱ्हाडात कोणाला लागली नाही? पेरणीच्या दिवशी सरकीचे दोन दाणे सारखेच दिसतात. फरक कळतो तो चार महिन्यांनी, हंगाम हातचा गेल्यावर. म्हणूनच वाणाला नाव आणि क्रमांक देण्याची शिस्त लागली. अकोल्यात 1969 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे तयार झालेल्या कापसाच्या वाणांना 'एकेए', 'एकेएच' अशी अक्षरे आणि पुढे आकडा असतो. ती अक्षरे कानाला गोड नाहीत, पण त्यांच्यामागे कोणाचा संकर, कुठे घेतला, किती हंगाम तपासला याची नोंद असते.

बकरीदच्या बाजारातही हेच. कान थोडे लांब दिसले की बकरा 'जमनापारी' होतो, अंगावर ठिपके दिसले की 'अजमेरी'. आणि आपल्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली शेळी मात्र नुसतीच 'गावरान' राहिली. ती गावरान नाही, तिला नाव आहे: बेरारी. अकोला, अमरावती आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ही फिकट ते गडद तांबूस रंगाची शेळी. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. उस्मानाबादी, संगमनेरी आणि कोकण कन्याळ यांच्या पंगतीत ती बसली. नोंद होण्याआधीही शेळी तीच होती. पण नाव मिळाल्यावर तिचे गुण मोजता आले, बोकड निवडता आले, सरमिसळ टाळता आली.

म्हणजे बरोबर नाव हा शोभेचा विषय नाही. पैदास त्याच्यावर उभी असते. नाव चुकले की पुढच्या पिढीची निवड आंधळी होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर

आपल्या राज्यातही क्लाउनफिशची पैदास होते. नवी मुंबईत ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो पाहायला लोक तिथे जातात. तिथेच कांदळवन प्रतिष्ठानने शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली आणि क्लाउनफिश वाढवले. समुद्रातून मासे ओरबाडण्याऐवजी ते टाक्यांत वाढवावेत आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्यातून रोजी मिळावी, हा त्यामागचा विचार. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही केरळात विझिंजमला आणि तामिळनाडूत मंडपमला क्लाउनफिशच्या पैदाशीवर बरेच काम केले आहे.

लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरची गोष्ट आमच्या भगिनींनी जरूर वाचावी. त्या बेटावर जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिथे केंद्र उघडले आणि बेटावरच्या स्त्रियांच्या गटांना शोभेची समुद्री कोळंबी वाढवायला शिकवले. घर सांभाळून, घराजवळच्या टाक्यांत त्या हे काम करतात.

अशा ठिकाणी वाढलेला मासा घेण्याचा मोठा फायदा म्हणजे त्याची जन्मनोंद मिळू शकते. शिवाय तो टँकच्या पाण्याला आणि खाण्याला सरावलेला असतो. त्याला समुद्रफूलही लागत नाही. समुद्रातून काढलेले जिवंत प्रवाळ तर अजिबात मागू नये. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे.

कॅरियर

आता आमच्या घरची परीक्षा. दोन खेपांची मिळून 37 पिल्ले होती. पुढे काही गेली, तीस उरली. ती मोठी झाली आणि टँकमध्ये जागा पुरेना. भाईजाननी अकोल्यातल्या एका दुकानदाराशी बोलणे केले. मुलगी पिल्लांचे फोटो घेऊन त्यांच्यासोबत गेली. दुकानदाराला पिल्ले आवडली. तो म्हणाला, "आई पिकासो म्हणून घेतली होती ना? मग यांना 'पिकासो कॅरियर' म्हणू. दिसत नाही, पण आत आहे, असे. दुप्पट-तिप्पट देईन."

त्या पैशांत वर्षभराचे मीठ आणि टँकचे वीजबिल निघाले असते. भाईजान व्यवहारी माणूस. परतताना म्हणाले, "बेटा, नाव तू दिलेले नाही. तुला ज्या नावाने मिळाले, त्याच नावाने तू देते आहेस."

मुलगी म्हणाली, "मामू, मला माहीत नव्हते तोपर्यंत ते ठीक होते. आता माहीत आहे."

त्या रात्री आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली. धाकटा म्हणाला, साधे दिसणारे मासे साधेच आहेत, घेणाऱ्याचे काय बिघडते? त्यावर मोठीने त्याला विचारले, "माझ्यासारखीच एखादी मुलगी पैसे साठवून ही जोडी घेईल. वर्षभर थांबेल. रात्री उठून रोटिफर घालेल. मग तिलाही नाणे उडवायला लावायचे का?" धाकटा गप्प झाला. मालातला दोष सांगूनच माल विकावा, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच सांगतात. पण धान्यातला ओलावा हाताला लागतो, माशाच्या वंशातला दोष लागत नाही. न दिसणारा दोष सांगणे अधिक अवघड, कारण तो लपवला तर कोणी पकडणार नसते.

पिल्ले साध्या दराने गेली. दुकानदाराने बाराच घेतली. प्रत्येक पिशवीवर मुलीच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'ओसेलॅरिस, साधा. आई मिसबार, बाप साधा. अमरावतीत घरी वाढवलेला. जन्मतारीख अमुक.' दुकानदार चिठ्ठी वाचून म्हणाला, "एवढे कोण लिहिते?" पण त्याने चिठ्ठ्या काढल्या नाहीत. उरलेली पिल्ले हळूहळू ओळखीच्यांत गेली. त्या वर्षी आम्ही तोट्यातच होतो.

घेताना आणि देताना

आमच्या चुकांतून तयार झालेली ही यादी. मासा क्लाउनफिश असो वा गप्पी, बेट्टा, गोल्डफिश. बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतात.

1. आधी प्रजाती विचारा, मग प्रकार. विक्रेत्याला प्रजाती सांगता येत नसेल, तर प्रकाराच्या नावाचे जास्त पैसे देऊ नका.

2. आईबापांचे फोटो मागा. वाण एका माशावरून ठरत नाही. आईबाप आणि भावंडे पाहून ठरतो.

3. 'कॅरियर' हा शब्द ऐकला की त्या गुणाची रीत विचारा. काही गुण खरोखर लपून राहतात, पिकासो सहसा राहत नाही.

4. तुटका पट्टा म्हणजे नवा वाण असे समजू नका. पिल्लांत उतरला तरच तो वाणाचा.

5. एकाच अंडवणीतली भावंडे पिढ्यान्‌पिढ्या आपसात लावू नका. एक मासा एका ठिकाणाहून आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणाहून घ्या. आखूड गलपड, वाकडा जबडा असलेली पिल्ले पैदाशीला ठेवू नका. ती टँकमध्ये आनंदाने राहू शकतात, आईबाप होऊ नयेत.

6. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असे लिहा. 'ओसेलॅरिस, वंश माहीत नाही' ही चिठ्ठी खोट्या पिकासोपेक्षा मोलाची.

7. आपण स्वतः नवे नाव ठेवू नका. वेगळे पिल्लू निघाले तर आधी त्याची पिल्ले होऊ द्या. तोवर वहीत क्रमांक पुरे.

आमच्या टँकमध्ये ती जोडी अजून आहे. मादी आता चांगली बोटभर लांब झाली आहे. अर्धा पट्टा तसाच आहे आणि ती पूर्वीइतकीच देखणी आहे. फसवणूक तिने केली नव्हती. मुलीने वहीच्या पहिल्या पानावरचे 'पिकासो' खोडले नाही. त्यावर एक रेघ मारून खाली लिहिले, 'ओसेलॅरिस, काटे अकरा, मिसबार', आणि तारीख घातली. चूक दिसत राहावी म्हणून, असे ती म्हणते. दादी टँकसमोर बसून माशाला अजूनही 'पिकासो बी' म्हणतात. घरातल्या घरात हाक मारायला ते चालते. पिशवीवर लिहायला नाही.